चारशे सोळा वेळा गोटीराम

नाशकात राबून पोट भरणारी माणसं पुष्कळ आहेत, पण नुसतं बसून पोट भरणारा आणि तरीही कुणाच्या शिव्या न खाणारा माणूस मला एकच माहीत आहे. गोटीराम विधाते. हा गृहस्थ पेढीवर बसत नसे की गादीवर. निमाणीच्या स्टँडवरून मखमलाबादला ज्या शेअर रिक्षा जात, त्यांतल्या रिकाम्या रिक्षात तो जाऊन बसे. रिक्षा भरत आली की पलीकडच्या बाजूनं हळूच उतरे आणि मागच्या रिकाम्या रिक्षात जाऊन बसे. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत हेच. मखमलाबादला मात्र तो कधी जात नसे.

यात काम ते काय, असं ज्याला वाटेल त्यानं जन्मात शेअर रिक्षा केलेली नाही असं खुशाल समजावं. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. मागं तीन आणि ड्रायव्हरशेजारी एक, असे चार झाले की ती भरली. कायद्यात तीन बसतात, रिवाजात चार. आता रिकाम्या रिक्षात पहिला जो बसेल त्याला बाकीच्या तिघांची वाट पाहत उन्हात शिजावं लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून पहिलं कुणीच बसत नाही. माणसं पानटपरीला टेकून उभी राहतात, वर्तमानपत्राचा उलटा कागद वाचतात, पण बसत नाहीत. मात्र आत एक माणूस दिसला, की दुसरा बसतो. दोन दिसले की तिसरा धावत येतो. आणि चौथा तर भांडून बसतो. तेव्हा सगळी अडचण काय ती पहिल्या माणसाची, आणि तो पहिला माणूस म्हणजे गोटीराम.

हा शोध लागला तो योगायोगानं. गोटीराम बावीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात नट-बोल्ट मोजून खोक्यात भरायच्या खात्यात होता. अठ्ठ्याण्णव साली कारखान्याला कुलूप लागलं आणि पन्नाशी उलटलेला गोटीराम घरी आला. घरी बसलेल्या पुरुषाचं काय होतं ते सांगायला नको. तो दारात बसला की झाडायचं अडे आणि ओट्यावर बसला की धुणं अडे. बायको नवसाबाई रोज पहाटे मखमलाबादला तिच्या भावाच्या मळ्यात फुलं तोडायला जाई, दुपारी ती फुलं घेऊन बाजारात बसे. तिला रागवायलासुद्धा सवड नव्हती. ती एवढंच म्हणे, "अहो, जरा हिकडून तिकडं तरी बसा."

असाच एक दिवस तो हिकडून तिकडं बसायला म्हणून घरातून निघाला आणि निमाणीवर सावली दिसली म्हणून मल्हारीच्या रिक्षात टेकला. मल्हारी म्हणजे त्या स्टँडचा म्होरक्या. अठरा रिक्षांचे नंबर तो लावी आणि भांडणं तोच सोडवी. मल्हारी गोटीरामला उठवणार, तोच एक बाई भाजीची पाटी घेऊन शेजारी बसली. मागोमाग दोघं आले. तीन मिनिटांत रिक्षा भरली. गोटीराम ओशाळून उतरला आणि मागच्या रिक्षात टेकला. तीही भरली. मल्हारी रिक्षा चालवत होता तरी डोक्यानं व्यापारी होता. दुसऱ्या दिवशी त्यानं गोटीरामला चहा पाजला आणि विचारलं, "भाऊ, उद्या मोकळे हाय का?"

गोटीराम पुढची चार वर्षं मोकळा होता.

त्यानं ते काम नोकरीसारखं केलं. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन तो बसे. घाईत असलेला माणूस कसा दिसतो याचा त्यानं बारीक अभ्यास केला होता. दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ बघायचं, एकदा खाकरायचं, मग मान बाहेर काढून "चला हो आता" म्हणायचं. हे ऐकलं की टपरीला टेकलेला माणूस दचकून येऊन बसे. त्याला वाटे, आता ही सुटणारच. गोटीराम खोटं मात्र बोलत नसे. कुणी विचारलं, "मखमलाबाद का?" तर तो म्हणे, "रिक्षा तिकडंच जाते." यात खोटं काहीच नव्हतं.

दर रिक्षामागं एक रुपया आणि दिवसाचे दोन चहा अशी बोली होती. पण खरं सांगायचं तर गोटीराम रुपयासाठी बसत नव्हता. एखाद्या दिवशी ताप आला तर मल्हारी स्वतः घरी येऊन म्हणे, "भाऊ, तुम्ही नाय तर स्टँड नुसतं खोळंबून पडलंय." कारखान्यानं ज्याला बावीस वर्षांनी एका कागदावर मोकळं केलं, त्याच्यासाठी अठरा रिक्षा खोळंबतात, हे ऐकून त्याचा ताप निम्म्यानं उतरे. नवसाबाई बाजारातल्या बायकांना हसत सांगे, "समद्यांचे नवरे कामाला जातात, माझा बसायला जातो." पण डबा ती रोज भरून देई.

असं सुखानं चाललेलं असताना दोन हजार दोन साली शहराची वाहतूक सुधारायचं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. सुधारणा ही आपल्याकडे आभाळातून पडते आणि ज्याच्या डोक्यात पडते त्यालाच ती कळते. एक सुधारणा समिती बसली. तिचं म्हणणं असं, की कुठल्या रस्त्यावर किती रिक्षा असाव्यात हे आजवर वशिल्यानं आणि सवयीनं ठरत आलं. यापुढे ते प्रवासी मोजून ठरवायचं. म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी सुद्धा मान्य करतो. मोजणीसाठी कॉलेजातली मुलं-मुली नेमली आणि निमाणीच्या वाट्याला शुभांगी नावाची अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आली. तिच्यासोबत दोन मुलं, एक टेबल आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा. तीन दिवस मोजायचं होतं.

आदल्या संध्याकाळी मल्हारीनं सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं. स्टँडला पत्र्याची शेड मिळावी म्हणून त्यांचा अर्ज दोन वर्षं पडून होता. मल्हारीनं हिशेब मांडला, की माणसं जास्त दिसली तर शेड मिळेल. कमी दिसली तर स्टँडच उठवतील. "म्हंजे मोजणीत कमी पडायचं नाय," तो म्हणाला. मग सगळे गोटीरामकडे बघायला लागले.

त्या तीन दिवसांत गोटीरामनं जे केलं ते कुठल्या नटानं केलं नसेल. मल्हारीनं त्याला एक गांधी टोपी, एक मफलर, एक छत्री आणि काळा चष्मा आणून दिला. एरवी तो एका रिक्षात एकदाच बसे. आता तो टोपी घालून बसायचा, पलीकडून उतरायचा, रिक्षाच्या मागं जाऊन मफलर गुंडाळायचा आणि त्याच रिक्षात पुन्हा बसायचा. शुभांगीची मंडळी रस्त्याच्या अलीकडे टेबल टाकून बसली होती. त्यांना चढणारे दिसत. उतरणारे दिसत नसत आणि दिसले असते तरी उपयोग नव्हता, कारण तक्त्यात उतरणाऱ्यांसाठी रकानाच नव्हता. स्टँडवर रिक्षात बसलेला माणूस न जाताच उतरेल, हे तक्ता बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तक्त्यात वय होतं, हातातलं सामान होतं आणि प्रवासाचं कारणही होतं. मुलं अधूनमधून येऊन कारण विचारत. गोटीराम कुठंच जात नव्हता, त्यामुळे त्याला कारण सुचायला वेळ लागे. पण एकदा सुचायला लागल्यावर थांबेना. दवाखाना, तेरावा, जमिनीची मोजणी, भाचीचं लग्न, दात काढणं. चार वर्षांत एकदाही खोटं बोलला नव्हता तो माणूस तीन दिवसांत पार बिघडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं नवसाबाईला विचारलं, "अगं, माणसं आणखी कशाकशाला जातात?"

ती म्हणाली, "फुलं तोडायला जातात. पण ते तुम्हाला कसं सुचंल?"

तीन महिन्यांनी निर्णय आला. शेड आलीच नाही. नोटीस आली, की निमाणी-मखमलाबाद रस्त्यावर प्रवाशांची मागणी अपेक्षेपेक्षा फारच मोठी असल्याचं दिसून आलं आहे. इतक्या मागणीला अठरा रिक्षा अपुऱ्या आहेत. सबब या मार्गासाठी चाळीस नवे परवाने देण्याचं योजिलं आहे. हरकती असल्यास सुनावणीला यावं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मल्हारी नोटीस दोनदा वाचून दगडावर बसला. आजवर एकेका रिक्षाला दिवसाला चार फेऱ्या मिळत. अठराच्या अठ्ठावन्न झाल्यावर किती मिळतील, ते गोटीरामनं तोंडातल्या तोंडात मोजलं. मोजायला तो पक्का होता.

"सव्वा," तो म्हणाला.

"सव्वा फेरी?" मल्हारी ओरडला. "वरची पाव फेरी कुठवर जाती?"

"पेठ नाक्यापर्यंत."

कुणी हसलं नाही. अठरा घरं त्या चार फेऱ्यांवर चालत होती. संख्या फुगवली ती शेडसाठी, आणि फुगलेली संख्याच आता चाळीस नव्या रिक्षा घेऊन त्यांच्या उरावर बसणार होती. ती खाली आणायला एकच इलाज होता. साहेबासमोर उभं राहून सांगायचं, की त्या गर्दीतला दर तिसरा माणूस खरा नव्हता, तो गोटीराम होता. पण एकदा हे सरकारच्या कानावर गेलं की बसणं संपलं, हेही सगळ्यांना कळत होतं. मल्हारी चांगला माणूस. त्यानं तोंडानं मागितलं नाही. तो नुसता चाकावर लाथ मारत राहिला.

गोटीराम त्या रात्री जेवला नाही. त्याला भीती सरकारची नव्हती. पुन्हा ओट्यावर बसायची होती. नवसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठरा घरातल्या बायकांना म्या बाजारात रोज तोंड दावती. तुम्ही जावा." मग जरा थांबून म्हणाली, "सदरा इस्त्रीचा घाला."

सुनावणीच्या दिवशी परवाना कार्यालयातले साहेब मोठ्या टेबलामागं होते. बाजूला अहवाल घेऊन शुभांगी बसली होती. तिच्या अहवालाला कॉलेजात बक्षीस मिळालं होतं. त्यात एक आख्खं प्रकरण असं होतं, की या मार्गावर पंचावन्नच्या पुढचे पुरुष राज्यात कुठं नाहीत इतका प्रवास करतात.

मल्हारीनं हात जोडले. "साहेब, एवढी मागणी नाय हो तिथं."

साहेबांनी एक कागद उचलला. "शेडसाठी अर्ज तुमचाच ना? 'प्रवाशांची अलोट गर्दी' असं तुम्हीच लिहिलंय."

"ते शेडपुरतं व्हतं साहेब."

तेव्हा गोटीराम पुढं झाला. "साहेब, तीन दिवसांत तुमचे बाराशे ऐंशी प्रवासी झाले. त्यातले आठशे चौसष्ट खरे. राहिलेले चारशे सोळा म्हणजे मी."

शुभांगीनं भराभर पानं उलटली. "पंचावन्नच्या पुढचे, पुरुष, हातात पिशवी... काका, दात काढायला गेलेले?"

"मीच."

"तेराव्याला?"

"तो पण मीच. मेलं कुणी नव्हतं, ताई. माफ करा."

"चारशे सोळा वेळा बसलात आणि एकदाही गेला नाहीत?" तिनं हे रागानं विचारलं नाही. तिला ते खरोखरच कळत नव्हतं.

"मला कुठं जायचं नव्हतं," गोटीराम म्हणाला, आणि हे बोलताना त्याला पहिल्यांदाच स्वतःची कीव आली.

साहेबांचा मात्र विश्वास बसेना. ते म्हणाले, सवलतीसाठी माणसं काय वाटेल ते सांगतात; परवाने अडवायला ही नवीन युक्ती दिसते. एक माणूस नुसता बसतो आणि त्याच्यामागं लोक येतात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

"पुस्तकाचं नाय सांगता यायचं," गोटीराम म्हणाला. "बसून दाखवतो."

बाहेरच्या व्हरांड्यात सात नंबरची खिडकी होती. ती तीन वर्षं बंद होती. तिच्या फळीवर कबुतरांनी बस्तान मांडलं होतं. समोर एक बाकडं होतं. गोटीराम जाऊन त्याच्या टोकाला बसला. पिशवी मांडीवर घेतली. घड्याळ बघितलं. खाकरला. खिडकीकडे बघून मान हलवली आणि पुन्हा घड्याळ बघितलं. साहेब, शुभांगी आणि मल्हारी दाराच्या फटीतून बघत होते.

दोन मिनिटांनी एक शेतकरी येऊन शेजारी टेकला. "हितं कशाचा नंबर हाय?"

"अजून उघडली नाय," गोटीराम म्हणाला. तो पुन्हा खऱ्यावर आला होता.

मग एक बाई आली. मग फाइल घेतलेला एक तरुण आला आणि बाकडं भरलं म्हणून उभा राहिला. त्याच्यामागं आणखी दोघं. पावणेसात मिनिटांत नऊ जण झाले, आणि "मी आधी आलोय" यावरून दोघांची जुंपली. दहावा माणूस हातात चहाची किटली घेऊन आला. तो त्याच कार्यालयाचा शिपाई होता. साहेबांनी त्याला आत बोलावून विचारलं, "तू कशाला उभा राहिलास रे?"

"म्हटलं, खिडकी सुरू व्हतीय जणू."

साहेब खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माणूस सरळ होता. हसून झाल्यावर त्यांनी चाळीस परवान्यांचा प्रस्ताव बाजूला सारला, मोजणी नव्यानं करायचा हुकूम दिला आणि शुभांगीला सांगितलं, की यावेळी तक्त्यात उतरणाऱ्यांचा रकाना घाल. पुढं त्या मार्गाला चारच नवे परवाने मिळाले आणि ते स्टँडला पेलले.

मल्हारीनं साहेबांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. पण साहेब अजून संपले नव्हते. त्यांनी कारकुनाला बोलावून नवीन नियमावलीत एक कलम वाढवायला सांगितलं. "लिहा. प्रवास करण्याचा हेतू नसलेल्या कोणत्याही व्यक्तीस स्टँडवरील रिक्षात बसवता येणार नाही. बसवल्यास परवाना निलंबित." मग गोटीरामकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "विधाते, तुमच्यावर राग नाही. पण मोजणी करायची तर रिक्षात खरा माणूसच बसलेला पाहिजे."

"बरोबर हाय साहेब," गोटीराम म्हणाला. सबंध शहराच्या नियमावलीत एका माणसापुरतं कलम लिहिलं जाताना तो हात बांधून उभा होता. त्याला वाईट वाटलं आणि थोडा मानही वाटला. कारखान्यानं त्याला काढताना एवढं लिहायची तसदी घेतली नव्हती.

गोटीराम आणि मल्हारी दुपारी निमाणीवर परत आले तेव्हा बातमी पुढं पोचली होती. ड्रायव्हर गोटीरामच्या पाठीवर थापा मारत होते, पण कुणाला त्याच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. पहिल्या नंबरची रिक्षा रिकामी उभी होती. टपरीला चार माणसं टेकून उभी होती. ती तशीच उभी राहिली. वीस मिनिटं गेली. मल्हारीनं "मखमलाबाद, मखमलाबाद" म्हणून घसा फोडला. कुणी बसेना.

गोटीरामनं बराच वेळ बघितलं. मग खिशात हात घालून तीन रुपये काढले, मल्हारीच्या हातावर ठेवले आणि आत जाऊन बसला.

"भाऊ, कलम हाय," मल्हारी घाबरून म्हणाला.

"कलम हेतूचं हाय. माझा जायचा हेतू हाय."

"कुठं?"

"रिक्षा तिकडंच जाते ना?"

पानटपरीवरची माणसं सुटी झाली. एक आला, दुसरा आला. तिसरा आला तेव्हा गोटीराम सवयीनं पलीकडच्या बाजूनं उठायला लागला. मल्हारीनं आरशातून बघितलं. गोटीराम पुन्हा खाली बसला. रिक्षाला किक बसली, गिअर पडला आणि चार वर्षांत पहिल्यांदाच रिक्षा त्याला घेऊन हलली. पेठ नाका गेला. पुढं द्राक्षांचे मळे लागले आणि वारा लागला. चार वर्षं ज्या गावाच्या नावानं बसला त्या गावाचा रस्ता एवढा चांगला झालाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मखमलाबादला उतरल्यावर कुठं जायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. मेहुण्याच्या मळ्याची वाट तेवढी माहीत होती, म्हणून तो त्या वाटेला लागला. शेवंतीचा हंगाम होता. फुलं जास्त होती आणि बाजाराला निघायला उशीर झाला होता. नवसाबाई पदर खोचून वाफ्यात एकटीच तोडत होती. नवऱ्याला बांधावर बघून तिचा हात थांबला.

"आज कसं काय येणं केलं? काय झालं तिकडं?"

"काय नाय. रिक्षात बसलो व्हतो, तर निघालीच."

नवसाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. सुनावणीत काय झालं, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. तोंडावरून तिला सगळं कळलं. तिनं कंबरेची रिकामी परडी सोडून त्याच्या हातात दिली आणि पलीकडच्या सरीकडं हात केला.

"आलाच हाय तर ती सरी घ्या. पण सांगून ठिवते, हितं बसून चालायचं नाय."

गोटीरामनं इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तोडायला लागला. बाजाराला निघायच्या आत त्यानं दोन पाट्या भरल्या, आणि किती फुलं झाली ते मोजायला विसरला.